अध्यक्षांच्या खोलीतलं काळं भांडं

प्रदर्शनात काचेच्या पेटीत एखादा पेला अधांतरी उभा दिसला, तर तो अधांतरी नसतो. त्याच्या बुडाशी पितळी काडीचे तीन बारीक हात असतात. ते वाकवलेले, कानशीने घासलेले, टोकांना मऊ नळी चढवलेले आणि पेल्याच्याच रंगात रंगवलेले असतात. तुम्ही पेला बघता, हात बघत नाही. बघितलेत तर ते माझं चुकलं. इंग्रजीत याला माउंट म्हणतात. मी आपली 'बैठक' म्हणते, कारण वस्तूला धड बसता यावं एवढीच तिची मागणी असते. माणसांच्या मानाने ही मागणी फारच थोडी.

कुवेतमध्ये इतकी वर्षं हे काम केलं, पण गणपतीच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना अजूनही लोक अडखळतात. हे तेलात आहेत, या डॉक्टर आहेत, ही पेट्रोकेमिकलमधल्या अमक्यांची बायको, आणि ही वंदना, ही म्युझियममध्ये असते. जशी काही मी तिथली ममी! माझी मुलगी सई लहानपणी वर्गात सांगायची, "माय मॉम होल्ड्स थिंग्ज." तेव्हा मी तिला रागावले होते. आता वाटतं, याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

माझं माहेर नाशिकच्या तांबट आळीतलं. वडील हंडे-कळश्या ठोकायचे, आई त्या चिंचेने घासून दुकानात मांडायची. ठोक्यांच्या आवाजात अभ्यास केल्यामुळे मला शांततेत काही सुचत नाही, आणि धातूची भीती वाटत नाही. लग्न होऊन इथे आले, चार भिंतींत कंटाळले आणि एका संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये शिरले. कशी शिरले, कुणी घेतलं, मग पुढे काय झालं, ते सांगत बसले तर संपादक कात्री चालवतील. त्यापेक्षा माणसं सांगते.

एक गृहस्थ होते. त्यांनी आजोबांची नाकाची चिमटी प्रदर्शनाला दिली होती. मोती काढायला बुडी मारणारे लोक ती नाकाला लावायचे. वस्तू नखाएवढी, पण यांचा हट्ट असा की ती पेटीत नुसती पडून राहता कामा नये, नाकावरच हवी. नाक कुठून आणू? शेवटी दारावरचा इजिप्शियन रखवालदार बसवला आणि त्याच्या नाकाचा मेणाचा साचा घेतला. आजोबांचं नाक असंच होतं म्हणून ते गृहस्थ रडले. रखवालदाराने मात्र घरी व्हिडिओ कॉल लावून बायकोला स्वतःचं नाक काचेत ठेवलेलं दाखवलं. पुढे कितीतरी दिवस तो आल्यागेल्याला आधी ती पेटी दाखवायचा आणि मग तिकीट विचारायचा.

दुसरे एक बहिरी ससाणा पाळणारे. त्यांचा दिवंगत ससाणा ज्यावर येऊन बसायचा तो हातमोजा त्यांनी दिला होता आणि तो हात वर करून, पक्षी उतरणार असल्यासारखा मांडायला सांगितला होता. मांडला. तर रोज संध्याकाळी येऊन त्या मोज्यासमोर उभे राहायचे. मी एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हणाले, ठीक आहे, फक्त तो येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते अलीकडच्या एका प्रदर्शनाबद्दल, माझ्या निवृत्तीच्या जरा आधीच्या. अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचं जीवन आणि कार्य असा विषय होता. कुवेत इराकच्या ताब्यातून सुटलं तेव्हा जे अध्यक्ष होते, तेच हे. इथल्या जुन्या लोकांसमोर नुसतं 'अध्यक्ष' म्हटलं तरी पुरतं. ते वारल्याला आता काही वर्षं झाली. प्रदर्शन तिकडूनच पेट्यांमधून आलं होतं: कोट, चष्मे, टेबलावरच्या वस्तू आणि भिंतभर फोटो. बरोबर लिंडा नावाची प्रमुख बाई आली होती. उंच, शांत, आणि प्रत्येक वाक्याआधी 'माफ करा' म्हणणारी.

अशा पेट्या आल्या की लगेच उघडायच्या नसतात. बाहेरची हवा भट्टीची, आतली थंडगार, त्यामुळे वस्तूला आपल्या हवेची सवय व्हावी म्हणून पेट्या बंदच ठेवतात. लोणच्यासारख्या मुरवायच्या. आमचे मुदीर, म्हणजे संग्रहालयाचे मुख्य साहेब, यांना हे कधीच पटलं नाही. ते रोज येऊन पेट्यांभोवती फिरायचे आणि उसासे टाकायचे.

पेट्या उघडल्यावर पहिला घोळ बुटांचा झाला. अध्यक्षांचे बूट जरा तिरपे, चालता चालता टाच उचलल्यासारखे मांडायचे असं अमेरिकेहून ठरून आलं होतं. कागदावर ते फार सुरेख दिसत होतं. मी बैठक केली, बूट चढवले आणि दारात जाऊन उभी राहिले, तर दोन्ही तळवे सरळ येणाऱ्याच्या तोंडाकडे! आपल्याकडे नुसता पाय लागला तर आपण नमस्कार करतो. इथे बुटाचा तळवा दाखवणं म्हणजे तोंडावर केलेला अपमान. लिंडाला बाजूला घेऊन सांगितलं. ती लालबुंद झाली, तीनदा माफ करा म्हणाली, आणि मी बूट जमिनीवर टेकवले. चालणारे अध्यक्ष उभे राहिले, एवढंच.

आता मूळ गोष्ट. प्रदर्शनात एक कोपरा इथल्या लोकांसाठी राखला होता. इराकच्या ताब्याच्या दिवसांतली एखादी वस्तू घरात असेल तर द्या, असं आवाहन केलं होतं. त्यातून उम्म बदर आल्या. बदरची आई म्हणून उम्म बदर. इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. मीसुद्धा इथे वंदना कमी आणि उम्म सई जास्त आहे. सलवा भागात राहणाऱ्या, सत्तरीच्या, काळ्या पायघोळ अबायातल्या ताठ बाई. वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता, त्यामुळे लहानपणीची मुंबईची हिंदी त्यांना येत होती, आणि ती त्या अशी बोलायच्या की समोरच्याला आपण भायखळ्याला उभे आहोत असं वाटावं. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगते.

त्यांनी कापडात गुंडाळलेली एक दल्ला आणली होती. दल्ला म्हणजे इथली कॉफीची पितळी सुरई, पक्ष्यासारखी लांब चोच असलेली. पण ही पितळेची आहे हे ओळखू येत नव्हतं, इतकी काळी होती. काजळी तेलकट, जाड, आणि तिच्यावर धूळ बसून ती आणखी घट्ट झालेली.

उम्म बदरना यूसुफ नावाचा धाकटा भाऊ होता. घरच्या दिवाणियात, म्हणजे संध्याकाळी पुरुषमंडळी जमतात त्या बैठकीच्या खोलीत, कॉफी त्याच्या हातची असायची. दल्ला घासायचाही तोच. घरात नोकर होते, बहिणी होत्या, पण त्या भांड्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. ताब्याच्या दिवसांत एका सकाळी तो अंगणात कॉफी करत होता, तेव्हा सैनिक येऊन त्याला घेऊन गेले. दल्ला तिथेच राहिली. घरच्यांनी उचलायला हात पुढे केला तर आई म्हणाली, "राहू दे. यूसुफ येईल, तोच घासेल."

मग माघार घेणाऱ्या सैन्याने तेलविहिरी पेटवल्या. दिवसा अंधार आणि आभाळातून काजळी. ती अंगणावर पडली, कपड्यांवर पडली, दल्लावरही पडली. देश सुटला, विहिरी विझल्या, माणसं परतली. यूसुफ परतला नाही. पुढे काहींच्या अस्थी सापडल्या, त्यांना माती मिळाली. यूसुफच्या सापडल्या नाहीत. आई त्याची वाट बघत गेली. त्यानंतर उम्म बदरनी ती दल्ला तशीच, न घासता, कापडात बांधून कपाटात ठेवली.

मी विचारलं, इतकी वर्षं कुणाला दाखवली नाहीत, मग आताच का? त्या म्हणाल्या, "या माणसाने मला देश परत दिला. त्याच्यासाठी मी दुआ करते. पण भाऊ नाही दिला. याच्या खोलीत सगळी दुनिया येईल. तिथे भिंतीवर यूसुफचं नाव असू दे. त्याला कबर नाही, उम्म सई. नाव कुठेतरी हवं."

म्हणजे त्यांना दल्ला मिरवायची नव्हतीच. त्यांना भिंतीवर एक नाव हवं होतं. आणि प्रदर्शनाचा नियम असा, की वस्तू नाही तर पाटी नाही. मी त्यांच्यासमोर लिंडाला बोलावलं, पाटी कशी असेल ते ठरवलं. यूसुफचं पूर्ण नाव, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, सगळ्यात वर. खाली तीनचार ओळींत हकीकत आणि शेवटी, ही दल्ला तेव्हापासून घासलेली नाही. उम्म बदरनी एकच अट घातली: भांड्याला पाणी लागता कामा नये. मी माझ्या वडिलांची शपथ घेऊन हो म्हटलं. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांना बजावून सांगितलंही. सगळ्यांना, म्हणजे जे तिथे होते त्यांना.

हमीद तिथे नव्हता.

हमीद म्हणजे आमच्या वर्कशॉपचा कणा. दापोलीकडचा कोकणी मुसलमान, मला ताय म्हणणारा, पन्नाशीचा. जड काच असो की अंड्याच्या टरफलासारखा मातीचा वाडगा, त्याच्या हातातून कधी काही सुटलं नाही. त्या दिवशी तो सुलैबियाच्या गोदामात काचपेटी आणायला गेला होता. रस्त्यात गर्दी, पेटीचं झाकण चुकीचं, असं करत तो दुपारी परतला तेव्हा मी घरी जेवायला गेले होते. वर्कशॉपमध्ये मुदीर फिरत होते. उद्या उद्घाटन आहे, मोठमोठे पाहुणे येणार, सगळं लखलखीत दिसलं पाहिजे, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि ते गेले. आणि टेबलावर मऊ कापडावर हे काळं भांडं.

आता तुम्हीच सांगा. कोकणातल्या घरात वाढलेला माणूस. उद्या पाहुणे आहेत आणि पितळ काळं आहे. काय करेल तो? हमीदने पँट्रीतून भांड्यांचा साबण घेतला, चिकट काजळी काढली. मग आपल्या डब्यातली आमसुलं काढली. सोलकढीसाठी गावाहून आणलेली असतात त्याच्याकडे, कायम. आमसूल-मिठाने दल्ला अशी घासली, की मी दार उघडलं तेव्हा टेबलावर दिवा लागल्यासारखं दिसलं.

मी दारातच खाली बसले. हमीद हसत होता. "भांडं काळं होतं, ताय. घासलं," म्हणाला. "बघा कसलं निघालं. तुमच्या नाशकाला असं मिळतं का?"

त्याला सांगताना माझा आवाज चढला, हे कबूल. तोंडाला येईल ते बोलले. तो आधी समजलाच नाही, मग समजला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून माझा राग उतरला, कारण खरं सांगायचं तर तेच भांडं माझ्या आईने पाहिलं असतं तर तिने चिंच भिजत घातली असती. आमच्यात काळं पितळ म्हणजे घरातल्या बाईची लाज. एखाद्याने घाण जपून ठेवली असेल हे आमच्या डोक्यात येतच नाही.

मुदीर आले, लिंडा आली. लिंडाने दल्लाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि 'माफ करा' म्हणायचं विसरली. तिचं म्हणणं सरळ होतं. पाटीवर लिहिलं आहे की हे भांडं तेव्हापासून घासलेलं नाही. आता हे खोटं आहे. खोटी पाटी ती लावणार नाही. मुदीरांचं म्हणणं, मग दल्ला काढा, पाटी काढा, उद्याच्या दिवशी भानगड नको. म्हणजे यूसुफचं नाव भिंतीवर चढण्याआधीच उतरलं. आणि जाता जाता मुदीर असंही म्हणाले, की हमीदला उद्यापासून पाठवू नका असं कंत्राटदाराला कळवायला हवं.

मग ते थांबले, माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, उम्म सई, तू रंग तर करतेस ना? बैठका वस्तूच्या रंगाच्या करतेस. मग ही परत काळी कर.

मला येत होतं हो ते! तेच तर. दिव्याची काजळी, मेण, थोडं तेल, वरून धूळ. तासाभराचं काम. उम्म बदरना काचेतून काही कळलं नसतं. लिंडाला ठाऊक होतं, पण भांडं परत काळं दिसल्यावर तिनेही कदाचित डोळेझाक केली असती. नाव भिंतीवर राहिलं असतं, हमीद नोकरीवर राहिला असता, मुदीर खूश. हमीदनेही माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर आधार लपवायचं काम केलं, हे एक लपवायला काय जड होतं?

मी डबी उघडली, काजळी बोटावर घेतली. आणि माझ्याच्याने होईना. ती म्हातारी बाई रोज येऊन या भांड्यासमोर उभी राहणार, त्या ससाणेवाल्यासारखी. आणि तिला मी माझी काजळी दाखवणार? तिच्या भावावर पडलेली काजळी म्हणून? मी बोट पुसलं आणि फोन उचलला. मुदीर म्हणाले, उद्यापर्यंत थांब. मी म्हटलं, साहेब, शिळं झालं की हे आणखी नासेल. जे घडलं ते मी उम्म बदरना फोनवर सांगितलं. 'उद्या सकाळी येते,' एवढंच त्या म्हणाल्या.

उम्म बदर सकाळी मुलाबरोबर आल्या. बदर चाळिशीचा, चांगला धिप्पाड, आमच्या सगळ्यांवर ओरडायच्या तयारीत. त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. मी दल्ला त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती मांडीवर घेतली, चोचीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं. तेव्हा त्या रडल्या. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. बदर बाहेर जाऊन उभा राहिला.

मग त्यांनी कुणी केलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडण्याआधी हमीद पुढे आला. त्यांना हिंदी येते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि अरबी त्याला बाजारापुरतं येतं. मी केलं, एवढं त्याने अरबीत सांगितलं. त्याने हात जोडले.

कशाने घासलं, त्यांनी हिंदीत विचारलं. हमीदने खिशातून आमसुलाची पुडी काढून दाखवली. त्यांनी एक आमसूल हातात घेतलं, हुंगलं. म्हणाल्या, "माझी आई असती तर तुझ्या मुस्काटात दिली असती." मग म्हणाल्या, "तिची हिंमत झाली नसती हे घासायची. माझीही नाही झाली."

लिंडाने मध्ये पडून समजावलं, की भांडं आता तसं राहिलं नाही, त्यामुळे ती पाटी लावता येणार नाही. उम्म बदरनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी दल्ला परत कापडात बांधायला घेतली. मी म्हटलं, उम्म बदर, दल्ला नेलीत तर नाव जाईल. इथला नियम तसा आहे.

"काळी होती तोवर ती तुमच्या काचेत ठेवण्यासारखी होती," त्या म्हणाल्या. "आता ती कॉफी करण्यासारखी झाली. काचेत कॉफी होते का?" आणि लिंडाकडे बघून, "नाव तू ठेव. नियम तुझा आहे, तूच बघ काय करायचं ते."

त्या गेल्यावर लिंडा बराच वेळ त्या रिकाम्या पेटीसमोर उभी होती. आत माझी बैठक तेवढी राहिली होती: पितळेच्या काडीचे तीन हात, काजळीच्या रंगात रंगवलेले, दल्लाच्या पोटाच्या आकारात वाकलेले, काहीच न धरता. मी ती काढायला गेले तर लिंडा म्हणाली, राहू दे. मग आम्ही दोघींनी बसून पाटी नव्याने लिहिली. वर यूसुफचं पूर्ण नाव, जसंच्या तसं. खाली हकीकत. आणि शेवटी: या भांड्याची काजळी प्रदर्शनाच्या तयारीत आमच्याकडून चुकून घासली गेली. दल्ला आता त्याच्या बहिणीच्या घरी आहे. मुदीरांनी ते वाचलं आणि डोकं धरलं. लिंडाने पहिल्यांदाच 'माफ करा' न म्हणता सांगितलं, की ही पाटी नसेल तर ती उद्घाटनाला उभी राहणार नाही. मुदीर तिच्याशी भांडू शकत नव्हते. हमीदबद्दल त्यांनी पुन्हा काही काढलं नाही. काढलं असतं तर पाटीवरच्या 'आमच्याकडून'चं काय, असं मी विचारणार होते.

संध्याकाळी पाहुणे आले. कोट पाहिला, जमिनीवर टेकलेले बूट पाहिले, फोटो पाहिले. पण लोक थांबत होते ते त्या रिकाम्या पेटीपाशी. आत काही नाही, तेवढे माझे तीन हात. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पाटीवरचं नाव मोठ्याने वाचत होते, मग त्यांच्यामागच्यांनी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी बैठक सगळ्यांना दिसत होती, आणि मला लाज वाटली नाही.

प्रदर्शन संपायच्या सुमारास उम्म बदरचा निरोप आला, शुक्रवारी दुपारी घरी या, आणि त्या कोकणीला घेऊन या. हमीद घाबरला. इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला. सलवाच्या त्या घरात आम्हाला दिवाणियातच बसवलं, जिथे बायका एरवी बसत नाहीत. बदर होता, त्याने आता नीट हात मिळवला. उम्म बदर स्वतः दल्ला घेऊन आल्या. ती परत थोडी काळवंडली होती, बुडाशी, विस्तवाच्या बाजूने.

इथे यजमान पहिला घोट स्वतः घेतो, कॉफी ठीक आहे हे पाहुण्याला कळावं म्हणून. त्यांनी छोट्या पेल्यात ओतली, घेतली आणि तोंड वाकडं केलं. "यूसुफची अशी होत नव्हती," म्हणाल्या. मग आम्हाला दिली. वेलचीचा वास घरभर झाला होता. आता पुरे असेल तर पेला हलवून दाखवायचा असतो, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. हमीदला हे पक्कं माहीत आहे, पण त्या दिवशी त्याचा हात हलेना. त्या ओतत राहिल्या, तो पीत राहिला. शेवटी त्याच त्याला म्हणाल्या, "मी तुला माफ केलेलं नाही. पण बस कर आता, मरशील."

बदर हसला. मीही हसले. हमीदने पेला हलवून खाली ठेवला.

उम्म बदरनी झाकण उघडून आत पाहिलं. दल्ला रिकामी झाली होती. त्यांनी ती उचलली, नोकराला हाक मारली नाही, बदरला दिली नाही. हमीदच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "घास."

हमीदने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने बाह्या वर केल्या, दल्ला दोन्ही हातांनी उचलली आणि आत गेला. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं, आणि उम्म बदर तिकडे कान लावून बसल्या होत्या.